खालून शाकारलेलं घर

गुरुलिंगअप्पा कुणाच्या घरी शाकारणीला गेले की आधी दाराबाहेर चपला काढायचे, घरातल्या बाईकडून तांब्याभर पाणी मागून घ्यायचे, आणि शिडी लावायच्या आधी विचारायचे, "अव्वा, देव कुटं हायत?"

नवीन माणसाला वाटायचं, मिस्त्री मोठे भाविक दिसतात, दर्शन घेऊनच कामाला लागणार. दर्शन ते घ्यायचेच, पण विचारण्याचं कारण वेगळं होतं. देवघर दाखवलं की भिंतीपासून देवघरापर्यंतची पावलं ते मोजून घ्यायचे, मग वर चढून तेवढीच पावलं कौलांवरून मोजायचे आणि कमरेच्या पिशवीतली विभूती काढून त्या जागेच्या चारी कोपऱ्यांना तीन तीन बोटं ओढायचे. त्या चौकटीत त्यांनी जन्मात पाय ठेवला नाही. खाली देव बसलाय आणि आपण वरून त्याच्या डोक्यावर पाय देऊन उभे, हे त्यांना खपणारं नव्हतं. त्यांच्या वडिलांची, सिद्धप्पांची, तशी शिकवण होती.

शाकारणी म्हणजे काय, हे आता स्लॅबच्या घरात वाढलेल्या पोरींना सांगावं लागतं. कौलं एकेक करून उतरवायची, झाडायची, खालच्या लाकडी रिपा बघायच्या, फुटकी कौलं बदलायची आणि सगळी परत ओळीनं बसवायची. कौलाला मागच्या बाजूला दोन नाकं असतात. ती रिपेवर अडकतात आणि कौल आपल्या वजनानं बसून राहतं. वळवाचा वारा सुटला की ते वजन कुठं जातं कळत नाही. बायका सकाळी अंगण झाडायला बाहेर आल्या की अंगणात कौलंच कौलं.

देवघरावरचा तुकडा मात्र गुरुलिंगअप्पा घरात येऊन, खालून करायचे. बाजेवर स्टूल, स्टुलावर ते. देवांवर धुतलेलं धोतर पांघरायचं आणि म्हणायचं, "शिवा, घटकाभर डोळे मिटून घे." मग एकेक कौल खालूनच उचलायचं, आडवं करून आत घ्यायचं, पुसायचं आणि परत जाग्यावर ठेवायचं. वरून परत दाबायला येता येणार नाही, म्हणून प्रत्येक कौलाच्या नाकातल्या भोकातून तार घालून ते रिपेला बांधून टाकायचे. शेवटी देवाच्या डोक्यावर माती गळू नये म्हणून खालून एक जुनी सोलापुरी चादर चारी बाजूंनी ताणून बांधायची. एवढं देवाचं झालं की उरलेल्या घरावर ते चढायचे आणि सगळे करतात तशी कौलं मांडून उतरायचे.

त्यामुळं झालं काय, वारं सुटलं की घरावरची कौलं उडायची आणि देवघरावरची तेवढी जागच्या जागी राहायची. लोक हात जोडायचे. देव आपलं घर आपण सांभाळतो म्हणायचे. गुरुलिंगअप्पाही तसंच म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, दाक्षायणीबाईंना, यात काहीतरी खटकलं ते वळसंगला. गेल्या वैशाखात तिथल्या चंद्रव्वांकडं जेवायचं बोलावणं होतं. चंद्रव्वा ऐंशीच्या घरातल्या. "देवाला सोबत म्हणून" त्यांनी आपली बाज देवघरात हलवलेली. जेवणं झाल्यावर दाक्षायणीबाई पाया पडायला म्हणून देवघरात डोकावल्या, तर आत आठ माणसं. दोघी सुना, तिघं लेक, नातवंडं, सगळ्यांच्या हातात जपाच्या माळा आणि सगळे गाढ झोपलेले. थोरल्याचं तर डोकं नंदीला लागलेलं.

"जपाला बसलेत," चंद्रव्वा बाजेवरून हळूच म्हणाल्या. "उन्हाळ्यात लई भक्ती येतीय ह्यांना."

दाक्षायणीबाईंनी उंबऱ्यावर उभ्या उभ्या हात आत घालून पाहिला. आत गारवा होता. बाहेर ओसरीवर भट्टी. हे त्यांनी मनात ठेवलं, कुणाला बोलल्या नाहीत.

पुढं चैत्रात कुर्डुवाडीहून फोन आला नसता तर कदाचित मनातच राहिलं असतं.

कुर्डुवाडीला त्यांची एकुलती लेक चंद्रिका दिलेली. जावई अनिलकुमार रेल्वेच्या वर्कशॉपात. चंद्रिकेला आठवा लागलेला, दिवस भरणार ते ऐन वैशाखाच्या शेवटी. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलायला काही नसतं. पण फोन विहीणबाईंचा, धनलक्ष्मीबाईंचा होता, आणि त्यांना बोलायचं होतं.

"राग मानू नका ईनबाई," त्या म्हणाल्या. "पण सोलापूरचं ऊन, त्यात तुमचं कौलाचं घर. लेकराच्या अंगावर घामोळं उठेल. आमच्याकडं स्लॅब हाय, कूलर हाय. कूलर तुमी लावाल म्हणा, पण त्यात ओतायला पाणी तुमच्या शेळगीत पाच दिवसांनी येतंय. पोरीला हितंच राहू द्या. तुमी या की महिनाभर."

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईनं व्याह्याच्या घरी जाऊन राहायचं, तिथल्या डब्यातलं तूप विचारून घ्यायचं आणि डिंकाचे लाडू दुसरीच्या चुलीवर वळायचे. दाक्षायणीबाईंची कानशिलं तापली.

"तुमी येऊन बघा की खोली," त्या म्हणाल्या. "पुढच्या पंधरवड्यातल्या सोमवारी या. दुपारी दोन वाजता बसून बघा. उकडलं तर पोरीला घेऊन जावा, मी शब्द बोलणार न्हाय."

फोन ठेवल्यावर त्या मागच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. बाळंतिणीची म्हणून ठरवलेली खोली तीच. गुरुलिंगअप्पांनी साऱ्या जिल्ह्याची घरं शाकारली, स्वतःचं घर सहा वर्षांत शाकारलं नव्हतं. दुपारचे दोन वाजलेले. कोनाड्यातला साबण लोण्यासारखा मऊ झाला होता. दाक्षायणीबाईंनी सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं आणि आपण 'दोन वाजता' का म्हणालो याचा विचार करत बसल्या. सकाळी सात म्हणता आलं असतं.

संध्याकाळी नवरा आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मागच्या खोलीला देवघरासारखं करून द्या."

"कसं देवघरासारखं?"

"खालून. कौलाला तार आन् खाली चादर. वळसंगला चंद्रव्वाच्या देवघरात आठ माणसं झोपलेली मी ह्या डोळ्यांनी बघितलीत. तितं गार हाय."

"गार असणारच की. देव हाय तितं."

"चादर हाय तितं."

गुरुलिंगअप्पांनी जेवता जेवता हात थांबवला. "हे बघ. ते काम देवाचं हाय. देवाला जे करायचं तेच माणसाला करायचं, तर मग देवाचं राह्यलं काय? आज बाळंतिणीची खोली म्हणतीस, उद्या न्हाणीघर म्हणशील."

"न्हाणीघराचं मी नाव तरी काढलं का?"

"काढशील."

यावर दाक्षायणीबाई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारचं ताट मागच्या खोलीत वाढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी गुरुलिंगअप्पांनी उपरण्यानं वारा घेत ताट संपवलं. दुसऱ्या दिवशी कपाळावरची विभूती घामानं वाहत नाकाच्या शेंड्यावर आली आणि आमटीत टपकली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आज जरा ताक दे." ताक आलं, तेही कोमट.

"बाळंतिणीला कढत पाणीच द्यायचं असतंय," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "तिला काय फरक पडणार न्हाय."

तरी माणूस हलेना. चौथा दिवस सोमवार होता. गुरुलिंगअप्पांनी अंघोळ केली, लिंगायत माणूस जन्मभर अंगावर बाळगतो ते इष्टलिंग गळ्यातल्या वस्त्रातून काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि रोजच्यासारखी पूजा केली. दाक्षायणीबाई चुलीशी बसून होत्या. पूजा संपेपर्यंत त्यांनी भाकरीसुद्धा उलटली नाही, आवाज नको म्हणून. लिंग परत वस्त्रात बांधून गळ्यात गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मिस्त्री, देव कुटं हायत?"

बायकोनं मिस्त्री म्हटल्यावर गुरुलिंगअप्पा दचकले. त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवघराकडं बोट केलं. "तितं की."

"आन् आता गळ्यात काय बांधलाव?"

त्यांचा हात गळ्यातल्या गाठीवर गेला.

"हे घेऊन तुमी ओसरीवर बसता. हे घेऊन झोपता. न्हाणीघरात जाताना काढून ठेवता का?"

"कसं काढून ठेवीन? अंगावरच असतंय."

"मग न्हाणीघरात पण देव की. माझ्या गळ्यात एक हाय, मी चुलीपुढं. चंद्रिकेच्या गळ्यात एक. पुढच्या महिन्यात मठाचे स्वामी येऊन पोटातल्या लेकराच्या नावाचं एक बांधतील. म्हंजे त्या मागच्या खोलीत आई-लेकराचे मिळून दोन देव निजणार. आन् तुमी म्हणता, देवघर कोपऱ्यात हाय."

गुरुलिंगअप्पा पाटावरून उठले नाहीत. दाक्षायणीबाईंना वाटलं, आता रागावणार. पण त्यांचं तोंड रागावल्यासारखं नव्हतं, भाजीबाजारात पिशवी विसरून आल्यासारखं होतं.

"दाक्षायणी," ते म्हणाले, "चंद्रव्वा त्या दिवशी स्वयंपाकघरात होती."

"कुठल्या दिवशी?"

"वळसंगचं घर शाकारलं त्या दिवशी. मी बरोबर तिच्या डोक्यावर बसून तंबाखू मळली." त्यांनी डोळे मिटले. "केम गावच्या घरात तर सोळा माणसं होती. सोळा लिंगं. मी वरून चालत गेलो."

चाळीस वर्षं या माणसानं लोकांच्या घरी जाऊन देव कुठं आहे ते विचारलं होतं, आणि सांगणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात तो बांधलेला होता. एकीलाही सुचलं नाही, की मिस्त्री, मी इथंच उभी आहे.

दाक्षायणीबाईंना एवढंच हवं होतं की नवऱ्यानं एका खोलीला हो म्हणावं. पण गुरुलिंगअप्पांना थोड्यावर थांबायची सवय नव्हती. त्या दिवशी त्यांनी जेवण सोडलं आणि दुसऱ्या दिवशी बाळीवेशीतल्या एका कामावर जाऊन घरातल्या अकरा माणसांना अंगणात उन्हात उभं केलं. खाली कुणी लिंगधारी असेतो आपण वर पाय ठेवणार नाही म्हणाले. माणसं अर्धा तास उभी राहिली. मग घरधन्यानं त्यांना नमस्कार करून शिडी परत हातात दिली.

"बरं झालं," घरी आल्यावर दाक्षायणीबाई म्हणाल्या. "आता वेळच वेळ हाय. चला मागच्या खोलीत."

आणि गुरुलिंगअप्पा गेले. एकदा मनात घेतल्यावर त्यांनी काम मात्र देवाचं म्हणूनच केलं. खोलीत बाजेवर स्टूल चढलं. खोलीवर एकशे ऐंशी कौलं होती. तार दरवेळी पिळत बसलो तर वैशाख इथंच संपेल, म्हणून त्यांनी नवी युक्ती काढली. सायकलच्या दुकानांतून टाकलेले स्पोक गोळा करून आणले, अर्धे तोडले आणि प्रत्येकाचा एक आकडा वाकवला. आकड्याचं वरचं टोक कौलाच्या नाकातल्या भोकात, मधला बाक रिपेला मिठी मारून आणि खालच्या टोकाला गळासारखा हूक. एकाच आकड्यानं कौलही धरलं जायचं आणि खालचं पांघरूणही. पिळायचं नाही, बांधायचं नाही, बोटानं दाबलं की टक्कन बसायचं. हा टक्क आवाज त्यांना इतका आवडला की पहिला आकडा त्यांनी चार वेळा काढून चार वेळा बसवला.

खालच्या पांघरुणाचं काम दाक्षायणीबाईंचं. एका चादरीऐवजी त्यांनी वाकळच शिवायची ठरवली. शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून सुताचा टाकाऊ गुंता पोत्यानं आणला, उन्हात पसरला, झटकला, मध्ये कडुनिंबाचा वाळला पाला घातला, आणि खताच्या धुतलेल्या पांढऱ्या पोत्यांमध्ये भरून दाभणानं टाके घातले. अशा नऊ वाकळा झाल्या. गल्लीतल्या बायका विचारायच्या, उन्हाळ्यात वाकळा कुणाला?

"छपराला," दाक्षायणीबाई म्हणायच्या. बायका एकमेकींकडं बघायच्या आणि बाळंतपणाच्या काळजीनं बाईचं असं होतं, असं म्हणून पुढं जायच्या.

विहीणबाई यायच्या आदल्या शुक्रवारी अनिलकुमार एकटाच आला. हातात वर्कशॉपातला थर्मामीटर आणि एक भलीमोठी ब्याग. ब्यागेकडं दाक्षायणीबाईंनी बघितलं तर तो खाली मान घालून म्हणाला, "सामान हाय थोडं. बाजेखाली सरकवून ठेवा. आईला सांगू नका."

"कुणाचं सामान?"

"चंद्रिकेचं. ती म्हणाली, अव्वानं ठरवलंय म्हंजे होणार. पण सोमवारी हातात छोटी पिशवीच घेऊन येणार आम्ही."

जावयाचा हा पक्षपात बघून दाक्षायणीबाईंनी त्याला चहाबरोबर शेंगापोळी दिली, वर तूप.

दुपारी थर्मामीटर लावला. नऊही वाकळा टक्क टक्क बसवलेल्या, छत कसं तासल्यासारखं गुळगुळीत. गुरुलिंगअप्पांनी ते कौलाला अगदी चिकटवून, ढोलक्याच्या कातड्यासारखं ताणून बसवलं होतं. अनिलकुमारनं ओसरीवर एक्केचाळीस वाचलं. मागच्या खोलीत अर्धा तास थांबला.

"मामा, चाळीस."

"नीट बघा."

"चाळीसच. एकाचा फरक."

मग तो देवघरापुढं जाऊन उभा राहिला आणि थर्मामीटर धरला. छत्तीस.

गुरुलिंगअप्पा त्या आकड्याकडं बघत राहिले. देवघरावर पंधरा वर्षांपूर्वीची एक विरलेली चादर. इकडं नव्या नऊ वाकळा. "मी म्हणलो होतो," ते बायकोला म्हणाले. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "तितं देव हाय म्हणून गार हाय."

"हितं पण देव हायत. ते आपलं ठरलंय."

"मग?"

जावई गेला. सोमवार तीन दिवसांवर. त्यांनी दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला, हात जोडले आणि काय मागावं ते न कळून वर बघितलं. देवघरावरची ती चादर धुरानं काळी झालेली, दोऱ्या सैल पडून मध्ये झोळीसारखी लोंबत होती. पदर खोचून त्या पाटावर चढल्या आणि चादरीच्या कडेवरून हात आत घातला. चादर आणि कौलं यांच्यामध्ये चार बोटं मोकळी होती, आणि त्या मोकळ्या जागेत, हाताच्या पाठीवर, आढ्याकडं वर जाणारी गरम हवा लागत होती.

चाळीस वर्षं भाकरी भाजलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. तव्यावर हात ठेवला तर चटका बसतो. चार बोटं वर धरला तर नुसती धग लागते, आणि तीसुद्धा वरच्या वर निघून जाते. मागच्या खोलीत आपण तापल्या तव्यालाच वाकळ चिकटवून ठेवली होती.

"अहो," त्यांनी पाटावरूनच हाक मारली. "सैल करा. कौलापासून चार बोटं खाली उतरवा. आन् आढ्यापाशी वीतभर उघडं ठेवा, गरम वाफ निघून जाऊ द्या."

गुरुलिंगअप्पा आले, त्यांनीही हात घातला. बराच वेळ काढलाच नाही.

"देवाचं काम आपण सैल बांधलं," ते म्हणाले, "आन् देवानं तेच चालवून घेतलं."

आता अडचण आकड्यांची. अर्धे तोडलेले स्पोक आखूड पडत होते. चार बोटं खाली यायचं तर अख्खा स्पोक हवा, तेही एकशे ऐंशी. शनिवारी गुरुलिंगअप्पांनी शेळगीपासून टिळक चौकापर्यंत सायकलची दुकानं पालथी घातली. आता सायकली कोण चालवतं? रविवारी संध्याकाळी मोजले तर एकशे अठ्ठेचाळीस भरले. शेवटच्या दोन ओळी राहिल्या.

अंधार पडायच्या आत दाक्षायणीबाई कपडे काढायला अंगणात आल्या तर नवरा स्वतःच्या सायकलीपुढं मांडी घालून बसलेला. पुढच्या चाकाची नुसती कड हातात, बाजूला बत्तीस स्पोक ओळीनं मांडलेले.

"कामाला कसं जाल आता?" त्यांनी विचारलं.

"वर चढायचं सुटलंयच. तसं सायकलीवर चढायचं पण सोडतो," गुरुलिंगअप्पा म्हणाले.

सोमवारी अकराच्या गाडीनं धनलक्ष्मीबाई आल्या. जरीकाठी लुगडं, हातात पंखा. मागून अनिलकुमार. त्याच्या मागं चंद्रिका, हातात एक छोटी पिशवी. दाक्षायणीबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. चंद्रिका कानात म्हणाली, "अव्वा, ब्याग दिसत न्हाय ना?"

जेवणावरून सकाळीच घरात वाद झाला होता. दाक्षायणीबाईंना पुरण घालायचं होतं. गुरुलिंगअप्पांनी साफ नाही म्हटलं. "पुरणपोळी खाऊन भट्टीत पण माणूस झोपतंय. मग माझं काम कळणार कसं? भाजी-भाकरी कर." विहिणीला पहिल्यांदा घरी बोलावून भाजी-भाकरी वाढायची वेळ आली. धनलक्ष्मीबाईंनी ताटाकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, पोळ्या मागून येतील म्हणून. पोळ्या आल्या नाहीत. शेंगाचटणी मात्र त्यांनी दोनदा घेतली.

बरोबर दोनला त्या मागच्या खोलीत गेल्या. बाजेवर बसल्या नाहीत, खुर्ची मागून घेतली. ताठ बसल्या आणि वर बघितलं.

"ते काय लटकवलंय?"

"वाकळा," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

"छपराला वाकळ? ते काय थंडीनं कुडकुडलंय का?"

"खालून कौलाला एकाच आकड्यानं..." गुरुलिंगअप्पा सांगायला पुढं झाले, पण विहीणबाईंनी पंखा हलवून त्यांना गप्प केलं.

"मला काय सांगू नका. मी बसते. तुमी सगळे बाहेर जावा. माणसांची गरमी पण धरली जाती."

सगळे ओसरीवर आले. तिथं बेचाळीस. अनिलकुमार थर्मामीटर घेऊन भिंतीला टेकला. आतून पंख्याचा आवाज येत होता, छतावरच्या विजेच्या पंख्याचा आणि विहीणबाईंच्या हातातल्या पंख्याचा. अडीच वाजायच्या सुमाराला लाईट गेली. छतावरचा पंखा गरगर कमी करत थांबला.

दाक्षायणीबाईंनी मनातल्या मनात पंचाक्षरी मंत्र सुरू केला. आता बाहेर येतील, म्हणतील, चला पोरी. चंद्रिकेनं पिशवी मांडीवर घेतली. गुरुलिंगअप्पा छपराकडं बघत होते, म्हणजे आढ्यातून वाफ निघतेय की नाही ते तिथूनच दिसणार असल्यासारखे.

हातातल्या पंख्याचा आवाज चालू होता. मग हळू झाला. मग थांबला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"मामा," अनिलकुमार म्हणाला, "आईला चक्कर तर आली नसेल?"

गुरुलिंगअप्पांचं तोंड उतरलं. कामाची परीक्षा एक, पण व्याह्याकडची बाई आपल्या कौलाखाली बेशुद्ध पडणं वेगळं. दाक्षायणीबाई पाय न वाजवता दाराशी गेल्या आणि फटीतून डोकावल्या.

खुर्ची रिकामी होती. धनलक्ष्मीबाई बाजेवर आडव्या, तोंडावर पदर, आणि पदर श्वासाबरोबर वर-खाली होत होता. घोरण्याचा आवाज अगदी संथ, घरच्या माणसाचा येतो तसा. मागून अनिलकुमारनं थर्मामीटर फटीतून आत धरला, थोड्या वेळानं पारा पस्तीसवर उतरला.

दाक्षायणीबाई मागं आल्या, दाराशीच खाली बसल्या आणि तोंडावर बोट ठेवलं. गल्लीतून भंगारवाला ओरडत आला, त्याला हातानंच पुढं घालवलं. गुरुलिंगअप्पा सगळं समजले. त्यांनी विभूतीच्या पिशवीत बोटं घातली आणि आधीच लावलेल्या कपाळावर पुन्हा तीन रेघा ओढल्या.

परतीची गाडी साडेचारला होती. चार वाजता अनिलकुमार उठला, बसला, परत उठला. "मामी, तुमी उठवता का आईला?"

"मी न्हाय. बाळंतिणीच्या खोलीत निजलेल्या माणसाला उठवू न्हाय."

"पण ती बाळंतीण न्हाय."

"खोली हाय की."

गाडी आपल्या वेळेला सुटली असणार. साडेपाचला आत बाज करकरली. धनलक्ष्मीबाई लुगडं नीट करत दारात आल्या. सगळ्यांनी इकडं तिकडं बघितलं.

"जरा पाठ टेकली होती," त्या म्हणाल्या. "किती वाजले?"

अनिलकुमारनं सांगितलं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, पोराकडं बघितलं, पण गाडीचं नाव काढलं नाही. ओसरीवर येऊन बसल्या मात्र, आणि लगेच पंखा हातात घेतला. दोन मिनिटांनी उठून परत मागच्या खोलीत जाऊन बसल्या.

"चंद्रिके," त्यांनी आतूनच हाक मारली. "हितंच राहा तू. कुर्डुवाडीला दुपारी कूलरचं पाणी संपलं की जीव नकोसा होतो."

चंद्रिकेनं आईच्या हाताला चिमटा काढला. दाक्षायणीबाईंनी डोळ्याला पदर लावला, घाम पुसल्यासारखा.

"आन् ही ब्याग तर आमचीच दिसती," आतून पुढचा आवाज आला. बाजेखालून घासत ओढल्याचा आवाज झाला. ओसरीवर कुणी हललं नाही. अनिलकुमार थर्मामीटर वाचत होता. "कवा आली ही हितं? ... असू दे. माझी दोन लुगडी पण घालून आणायची होती अनिल, अक्कल न्हाय तुला. उद्या जाऊन घेऊन ये. लेकरू होईपर्यंत मी पण हितंच राहते. ईनबाईंना एकटीला होणार न्हाय."

दाक्षायणीबाईंना लेकीचं बाळंतपण मिळालं, आणि त्याबरोबर महिनाभर विहीणही मिळाली. देवानं मागितल्यापेक्षा जास्त दिलं, असं म्हणून त्यांनी चहा टाकायला स्वयंपाकघराकडं पाय वळवले. चूल पेटली. वरची सहा वर्षं न शाकारलेली कौलं धगधगत होती. कोपऱ्यातल्या देवघरात तेवढा जरा गारवा.

त्या दाराशी आल्या. "अहो," त्यांनी गुरुलिंगअप्पांना हळूच विचारलं, "महिनाभर चार माणसांच्या भाकऱ्या मी थापणार. चुलीपुढं देव हाय का न्हाय?"

गुरुलिंगअप्पांनी 'हाय' म्हणून मान हलवली, अंगणातल्या सायकलीकडं गेले आणि मागच्या चाकातले स्पोक मोजायला लागले.